पक्ष्यांनी पेरलेली रोपे राखा : नागपुरात वृक्षारोपण करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर व परिसरात वृक्षारोपणाचे नियोजन करणारे सर्व अधिकारी, वृक्ष प्राधिकरणाचे सदस्य, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांस

विषय : वृक्षारोपणाच्या नियोजनात फळे खाणाऱ्या पक्ष्यांकडून होणाऱ्या बीजप्रसाराचा विचार व्हावा, याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाच्या जागा ठरतात, खड्डे खोदले जातात आणि रोपवाटिकांकडे रोपांची मागणी नोंदवली जाते. त्याआधी आणखी एक काम होते आणि त्याची नोंद सहसा कुठल्याच अहवालात येत नाही. ते काम म्हणजे जागा साफ करणे. गवत, झुडपे, काटेरी जाळ्या आणि त्यांच्या आडोशाने उगवलेली वीतभर-हातभर उंचीची रोपे यंत्राने किंवा कुदळीने सरसकट काढून टाकली जातात. या रोपांमध्ये कडुनिंब, बोर, भोकर, जांभूळ, चंदन अशी कितीतरी झाडे असतात. ती कोणी लावलेली नसतात, म्हणून ती कोणाच्या हिशेबातही नसतात. त्यांतील बहुतेक पक्ष्यांनी पेरलेली असतात. ती उपटू नयेत, नव्या लागवडीआधी ती मोजावीत, ओळखावीत आणि राखावीत, एवढी एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पुढे जे लिहिले आहे ती या विनंतीची कारणे आहेत.

झाडाला जागा सोडता येत नाही, पण त्याच्या बियांना आईच्या सावलीतून बाहेर पडावेच लागते. मोठ्या झाडाखाली ऊन पोहोचत नाही, मुळांची चढाओढ असते, आणि त्याच जातीच्या झाडावर पोसलेल्या किडी व बुरश्या तिथे बिया आणि कोवळ्या रोपांवर तुटून पडतात. परिसंस्थांचे अभ्यासक डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे हेच मांडले की, बी मातृवृक्षापासून जितके दूर पडेल तितकी त्याची वाचण्याची शक्यता वाढते आणि उष्ण प्रदेशातील जंगलांत इतक्या जातींची झाडे शेजारी-शेजारी नांदतात त्यामागे हेही एक कारण असावे. बी दूर नेण्यासाठी काही झाडांनी वाऱ्याची वाट धरली आणि बऱ्याच झाडांनी गर, रंग आणि गोडी देऊन प्राण्या-पक्ष्यांना कामाला लावले. पिकल्यावर लाल, काळे किंवा जांभळे होणारे फळ म्हणजे हिरव्या पानांतून पक्ष्याच्या डोळ्यांत भरावे यासाठी झाडाने केलेली सोय आहे. कच्चे फळ हिरवे आणि तुरट राहते, कारण बी तयार होण्याआधी ते कोणी खाऊ नये.

हे सारे प्रत्यक्ष पाहायला जंगलात जावे लागत नाही. जूनच्या अखेरीस, निंबोळ्या पिवळ्या पडल्या असताना, आपल्या कचेरीच्या आवारातल्या कुठल्याही कडुनिंबाकडे थोडा वेळ पाहावे. लालबुड्या बुलबुल येतो, निंबोळी तोडतो, गिळतो आणि त्या झाडावर फार वेळ थांबत नाही, कारण फळांनी लगडलेल्या झाडावर शिकारी पक्ष्यांचेही लक्ष असते. तो शेजारच्या तारेवर, कुंपणावर किंवा झुडपात जाऊन बसतो. बुलबुलासारख्या लहान पक्ष्याच्या पोटातून फळ साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडते, म्हणून कुंपणाच्या कठड्यावरची त्याची ओली विष्ठा पाहिली तर तीत घाणेरीच्या, चंदनाच्या किंवा पिंपळाच्या बिया सहज दिसतात. साळुंक्यांच्या रातथाऱ्याखाली तर त्यांनी ओकून टाकलेल्या निंबोळीच्या पांढुरक्या आठळ्यांचा सडा पडलेला असतो. प्रत्येक आठळी गर निघून स्वच्छ झालेली असते. आपल्या विदर्भातल्या शेतांच्या धुऱ्यांवर, विहिरींच्या कडेला आणि तारांच्या कुंपणाखाली एका रांगेत उभे असलेले कडुनिंब आणि बोरी कोणी लावल्या, असे कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला विचारले तर तो पाखरांकडेच बोट दाखवील.

या पेरणीची वेळही अचूक असते आणि आपल्या लागवडीत नेमकी तीच चुकते. कडुनिंबाचे बी फार दिवस टिकत नाही; फळ पिकल्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्याची उगवणक्षमता झपाट्याने घसरते. जांभळाचे बी तर वाळले की मेलेच. ही दोन्ही झाडे पहिल्या पावसाच्या सुमारास पिकतात, पक्षी त्याच दिवशी त्यांचा गर काढून बी ओल्या मातीत टाकतात आणि काही दिवसांत कोंब वर येतो. वर्षभर पोत्यात राहिलेल्या बियांचे मातीचे गोळे करून टेकड्यांवर फेकण्याचे उपक्रम उत्साहाने होतात. त्या उत्साहाबद्दल मला आदर आहे, पण कडुनिंब आणि जांभळाच्या बाबतीत तरी जुन्या बियांतून उगवणीची आशा ठेवता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट मुळांची आहे. प्लास्टिकच्या पिशवीत वाढलेल्या रोपाचे सोटमूळ तळाला टेकले की वळते आणि गुंडाळत जाते. असे रोप जमिनीत लावल्यावरही त्या वळणातून सुटायला त्याला बराच काळ लागतो आणि काही रोपे त्यातून कधीच सुटत नाहीत. जिथे बी पडले तिथेच उगवलेल्या रोपाचे मूळ पहिल्या पावसाळ्यापासून सरळ खाली जाते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा टँकरचे पाणी न मिळताही हातभर उंचीचे आपोआप उगवलेले कडुनिंबाचे रोप हिरवे राहते, त्याचे कारण त्या खोल मुळात आहे. अशा रोपाला खड्डा, वाहतूक, पाणी यांतला कोणताही खर्च लागत नाही. त्याला फक्त कुदळीपासून, शेळ्यांपासून आणि उन्हाळी वणव्यापासून वाचवावे लागते.

फळे खाणारा प्रत्येक पक्षी पेरणी करतो, असे मात्र समजू नये. नियोजनाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. पोपट फळ कुरतडतो आणि बहुधा बीही फोडून खातो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी असलेला हरियाल वडा-पिंपळांवर थव्याने उतरतो, पण त्याची पेषणी, म्हणजे अन्न दळणारी पोटातली पिशवी, इतकी बळकट असते की बारीक बियांपैकी बहुतेक तिच्यात दळल्या जातात. हरियाल आपल्याला हवाच आहे. फक्त जंगल वाढवण्याचे काम त्याच्यावर सोपवता येणार नाही. ते काम करणारे पक्षी म्हणजे बुलबुल, साळुंक्या, तांबट, हळद्या, कोकीळ आणि राखी धनेश. त्यांच्यातही चोचीच्या आकाराप्रमाणे कामाची वाटणी होते. टिकेलच्या फुलटोच्यासारख्या चिमुकल्या पक्ष्याला बांडगुळाचे चिकट बी चालते. ते मागच्या बाजूने बाहेर पडताना तो स्वतःला फांदीला घासतो आणि बी बरोबर झाडाच्या सालीलाच चिकटते. जांभूळ मात्र बुलबुलाला गिळता येत नाही. तो गर टोचून खातो आणि बी झाडाखालीच पडते. मोठ्या आठळीची फळे अख्खी गिळायला कोकीळ किंवा धनेशच लागतो. चंदनाच्या प्रसारात कोकिळेचा वाटा मोठा आहे. चंदनाचे मूळ शेजारच्या झाडांच्या मुळांतून अन्नपाण्याचा काही भाग घेते, त्यामुळे त्याचे बी उघड्यावर न पडता कोकीळ जिथे लपून बसते त्या दाट झुडपांत पडले तरच त्याचे भले होते. शहरातल्या जुन्या आवारांतल्या चंदनाच्या झाडांखाली नव्हे, तर त्यांच्यापासून दूर, मेंदीच्या किंवा कोरांटीच्या कुंपणात चंदनाची रोपे सापडतात ती यामुळेच.

राखी धनेशाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो या शहरात अजून आहे आणि तो टिकून राहणे आपल्या हातात आहे. महाराजबाग, सेमिनरी हिल्स, सिव्हिल लाइन्समधली जुनी आवारे इथे त्याची किंचाळल्यासारखी हाक ऐकू येते. उन्हाळ्यात मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व मातीने ढोलीचे तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढी एक उभी फट तेवढी उरते. पुढचे कित्येक आठवडे नर वडाची, पिंपळाची, उंबराची फळे गळ्यात भरून आणतो आणि त्या फटीतून एकेक करून तिला देतो. ढोलीखालची जमीन पाहिली तर आसपासच्या फळझाडांची यादीच तिथल्या बियांतून वाचता येते. अरुणाचल प्रदेशातल्या पक्के व्याघ्र प्रकल्पात वन्यजीव संशोधक अपराजिता दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या धनेशांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तिथे धनेशांच्या घरट्यांखाली त्यांच्या खाद्यवृक्षांची रोपे उगवलेली आढळतात, आणि पूर्वी धनेशांची शिकार करणाऱ्या न्यिशी समाजातील माणसे आज त्याच घरट्यांची राखण करतात. आपल्याकडे एवढ्या मोठ्या योजनेची गरज नाही. पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते आणि नेमक्या त्याच काळात धनेशाची मादी ढोलीत बंद असते. छाटणीच्या आदेशाआधी झाडावर ढोली आहे का, नर तिथे ये-जा करतो का, हे कोणीतरी जाणत्या माणसाने पाहावे एवढेच मागणे आहे. तांबट आपले घर वाळक्या फांदीतच कोरतो, म्हणून रस्त्यावर पडण्याचा धोका नसलेली वाळकी फांदी राहू द्यावी.

जुन्या झाडांच्या संदर्भात कायद्याने एक चांगला आधार दिला आहे. नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ साली झालेल्या अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आली. ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे. पण ६० वर्षांच्या उंबराच्या बदल्यात काशीद किंवा शोभेच्या पामची ६० रोपे लावली तर कायद्याचे पालन होते आणि त्या उंबरावर जगणाऱ्या पक्ष्यांना त्यातून एक दाणाही मिळत नाही. भरपाईच्या लागवडीत तोडलेल्या झाडाच्याच जातीची, निदान तसेच गरदार फळ देणाऱ्या देशी जातींची रोपे असावीत, असा निर्णय वृक्ष प्राधिकरण आपल्या अधिकारात घेऊ शकेल असे मला वाटते.

कोणत्या जाती लावायच्या याचे उत्तर पक्ष्यांच्या वर्षभराच्या भुकेत आहे. गुलमोहर, सोनमोहर, काशीद आणि सुबाभूळ यांना कडक शेंगा येतात, तर सप्तपर्णीचे बी वाऱ्याने जाते. या झाडांची सावली असते, फुलेही सुंदर असतात, पण फळे खाणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने असा रस्ता ओसाड असतो. जांभूळ आणि कडुनिंब पावसाच्या तोंडावर पिकतात, भोकर त्याच सुमारास, चारोळी ऐन उन्हाळ्यात, बोर आणि आवळा हिवाळ्यात. मधल्या रिकाम्या महिन्यांत पक्ष्यांना जगवतात ती वड, पिंपळ, उंबर आणि पाखर ही एकाच कुळातली झाडे. त्यांच्या फळात शिरून परागीभवन करणाऱ्या चिलटाएवढ्या गांधीलमाशीचे आयुष्य फार तर दोन-तीन दिवसांचे असते. तिला पुढचे झाड वेळेवर सापडावे यासाठी एका जातीची सगळी झाडे एकाच वेळी फळत नाहीत, आज हा वड तर पुढच्या महिन्यात तो. म्हणूनच एका मोठ्या वडाने काम भागत नाही. परिसरात अशी पुष्कळ झाडे विखुरलेली असावी लागतात. अंबाझरी, फुटाळा, तेलंखेडी, सेमिनरी हिल्स आणि शहराला लागून असलेले सुमारे १,९०० हेक्टरांचे गोरेवाड्याचे जंगल ही पश्चिम नागपूरची हिरवी पट्टी आहे. तिच्या मधल्या रस्त्यांवर आणि मोकळ्या भूखंडांवर ठरावीक अंतराने ही झाडे असतील तर पक्षी ती ओलांडून ये-जा करतील आणि त्यांच्याबरोबर बियाही जातील.

पिंपळाचे बी पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय उगवत नाही, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते तसे नाही. पिकलेल्या फळातील बिया गर धुऊन ओलसर, उजेडाच्या जागी पेरल्या तर रोपवाटिकेत उत्तम उगवतात. गरात उगवण रोखणारी द्रव्ये असतात, ती निघून जावी लागतात, आणि पक्षी हेच काम करतो. तेव्हा वड-पिंपळाची रोपे मिळत नाहीत ही अडचण खरी मानण्याचे कारण नाही.

आमच्या भागातले जंगल कोरड्या पानगळीचे आहे आणि साग, ऐन, धावडा, पळस ही त्यातली मोठी झाडे पक्ष्यांवर अवलंबून नाहीत, असा आक्षेप वनविभागातील जाणकार घेतील. तो रास्त आहे. ऐन, धावडा आणि पळस यांच्या फळांना पंखासारखी किंवा चपटी ठेवण असते आणि ती वाऱ्यावर जातात. पण सागाच्या आणि ऐनाच्या उभ्या खोडांखाली जे दुसरे जंगल असते, म्हणजे चारोळी, टेंभुर्णी, धामण, भोकर, करवंद, बोर, त्यावरच अस्वल, हरीण आणि गावातली माणसे उन्हाळ्यात अवलंबून असतात. ते जंगल पक्षी आणि प्राणी यांनीच पसरवलेले असते. पेंचच्या किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या कडेच्या गावांत चारोळी गोळा करणाऱ्या कुटुंबांच्या उत्पन्नात या पाखरांचा वाटा आहे.

याच ओघात एक अप्रिय बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिका खंडातून शोभेसाठी आणलेली घाणेरी आज देशभर जंगले व्यापून बसली आहे आणि तीही मुख्यतः बुलबुल-साळुंक्यांनीच पसरवली. पक्ष्याला देशी-विदेशी कळत नाही, त्याला फळ दिसते. त्यामुळे जागेवर आलेले प्रत्येक रोप राखा असे मी म्हणत नाही. घाणेरी मुळासकट काढावीच लागेल. फक्त ती एकदम, सगळीकडून आणि तिच्या जागी काहीही न देता काढली तर तिच्यावर पोसणारे पक्षी ती जागा सोडतात आणि पेरणी थांबते. शिवाय घाणेरीच्या जाळीतच पुष्कळदा कडुनिंबाची आणि बोरीची रोपे शेळ्यांपासून वाचलेली असतात. म्हणून जाळी हाताने, टप्प्याटप्प्याने काढावी, आतली देशी रोपे खुणेच्या काठीने राखावीत आणि मोकळ्या झालेल्या जागी करवंद, रानबोर, भोकर यांची झुडपे लावावीत. यंत्राने हे काम होणार नाही. त्यासाठी माणसे लागतील आणि तो खर्च योग्य आहे.

जिथे एकही उंच झाड उरलेले नाही अशा उघड्या माळावर पक्षी उतरत नाहीत, कारण त्यांना बसायला जागा नसते. आपल्या शेतकऱ्यांना यावरचा उपाय ठाऊक आहे. हरभऱ्यात आणि कपाशीत अळी टिपणाऱ्या पक्ष्यांसाठी ते इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे रोवतात. तेच थांबे माळरानावरच्या लागवडीच्या जागेत उभारले तर त्यांखाली बियांचा पाऊस पडतो, हे जगात अनेक ठिकाणी करून पाहिलेले आहे. त्या प्रयोगांतून दिसलेली एक अडचण ध्यानात ठेवावी लागेल : बिया पडतात, पण दाट गवतात रोपे दबून मरतात. म्हणून थांब्याखालचे गवत पहिली दोन वर्षे कापत राहावे लागेल. माळावर एखादे एकाकी बोरीचे किंवा हिवराचे झाड उभे असेल तर ते कोणत्याही थांब्यापेक्षा चांगले. ते लागवडीच्या आखणीत आड येते म्हणून तोडले जाऊ नये.

राज्यात १ जुलै २०१६ रोजी २ कोटी रोपांपासून सुरू झालेली मोहीम २०१९ मध्ये ३३ कोटींच्या उद्दिष्टापर्यंत गेली. एवढी यंत्रणा आपल्याकडे आहे, एवढी माणसे या कामाला लागू शकतात, याचा मला अभिमान वाटतो. राज्याच्या वनखात्याचे मुख्यालयही आपल्याच शहरात, वनभवनात आहे. त्या यंत्रणेकडून माझी अपेक्षा एवढीच की, लागवडीच्या नमुना अर्जात आणखी एक रकाना असावा : या जागेवर आधीपासून उगवलेल्या देशी रोपांची संख्या आणि जाती. रकाना आला की कोणीतरी ती रोपे मोजायला जाईल, आणि मोजलेली रोपे उपटताना हात अडखळेल. जिथे हेक्टरी पुरेशी रोपे आधीच आहेत तिथे खड्डे खोदण्याचा खर्च वाचवून तो कुंपणावर, जाळपट्ट्यांवर (वणवा पसरू नये म्हणून साफ ठेवलेल्या पट्ट्यांवर) आणि राखणदारांच्या पगारावर करावा. उद्यानांमध्ये मोठ्या फळझाडांखालचा पालापाचोळा झाडून जाळण्याऐवजी एखादा कोपरा तसाच राहू द्यावा, आणि वडा-उंबरांच्या बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक बसवू नयेत.

सगळीकडे हे एकाच वर्षी व्हावे असा माझा आग्रह नाही. येत्या मे महिन्यात गोरेवाड्याच्या कडेची किंवा सेमिनरी हिल्सच्या उताराची एखादी जागा निवडावी, अर्ध्या भागात नेहमीप्रमाणे साफसफाई करून लागवड करावी आणि उरलेल्या अर्ध्या भागात फक्त घाणेरी काढून उगवलेली रोपे राखावीत. तीन पावसाळ्यांनंतर दोन्ही भागांतली जिवंत झाडे आणि झालेला खर्च यांची तुलना जाहीर करावी. रोपांच्या जाती ओळखण्यासाठी आणि त्यांवर चिठ्ठ्या लावण्यासाठी मी स्वतः येईन, आणि शहरातल्या महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थीही आनंदाने येतील, कारण त्यांना प्रात्यक्षिकासाठी अशीच जागा हवी असते. जागा कळवावी आणि छाटणीचे व साफसफाईचे आदेश निघण्याआधी कळवावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
नागपूर